तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलंय? फ्लॅपबद्दल हे आधीच विचारून घ्या

वाचकांच्या पत्रांत तोंडाच्या कॅन्सरविषयी काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘डॉक्टर म्हणतात, गाठ काढून छातीचं मांस तोंडात लावू. ते कशाला?’ ‘दुसऱ्या दवाखान्यात पायाचं हाड काढून जबडा करू म्हणाले. नेमकं कोणाचं ऐकायचं?’ ‘आधी कॅन्सर तर निघू दे, चेहऱ्याचं पुढे बघू, असं चालेल का?’ विचारणारे बहुतेक वेळा मुलगा, सून किंवा भाऊ असतात. खुद्द रुग्णाला ‘छोटंसं ऑपरेशन आहे’ एवढंच सांगितलेलं असतं.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मोठी जखम होणार असेल तर ‘पुढे बघू’ चालत नाही. का, ते पाहू.

फ्लॅप कशासाठी आणि त्याच वेळी का?

गालाच्या आतल्या किंवा हिरडीच्या कॅन्सरमध्ये गाठीभोवतीचा साधारण एक सेंटीमीटरचा निरोगी दिसणारा भागही काढावा लागतो. मान उघडून तिथल्या लसिका ग्रंथी काढतात. गाठ मोठी असेल तर गालाची कातडी, जबड्याचा तुकडा किंवा जिभेचा भाग जातो. एवढं झाल्यावर तोंडाची पोकळी आणि मानेतली जखम यांच्यामध्ये पडदाच उरत नाही. तोंडातली लाळ मानेत उतरते, तिथे जंतुसंसर्ग होतो, आणि मानेत मेंदूकडे रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी असते. त्यामुळे फ्लॅपचं, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून लावलेल्या मांसाचं आणि कातडीचं, पहिलं काम तोंड आणि मान वेगळी ठेवणं हे आहे. गिळणं, बोलणं, ओठ मिटणं ही त्यानंतरची कामं, आणि चेहऱ्याची ठेवण त्याही नंतरची.

दुसरं कारण शेकाचं. बऱ्याच रुग्णांना ऑपरेशननंतर शेक (रेडिएशन) घ्यावा लागतो आणि तो शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. जखम भरली नाही तर शेक लांबतो. शिवाय शेकानंतर मानेतली कातडी कडक होते, रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि तेव्हा नवा फ्लॅप लावणं फार अवघड जातं.

नुसती कातडी सोलून लावणं आणि फ्लॅप यांत मोठा फरक आहे. सोललेली कातडी खालच्या जागेतून मिळेल त्या रक्तावर जगते. फ्लॅप स्वतःच्या रक्तवाहिनीसकट येतो, मुळाशी मातीचा गड्डा ठेवून लावलेल्या रोपासारखा. म्हणून तो खोल जखम भरू शकतो आणि शेकही सोसतो.

हा प्रकार नवा आहे का, प्रयोग तर करत नाहीत ना, अशी शंका काही जण विचारतात. कपाळाची कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट वळवून नाक घडवण्याची शस्त्रक्रिया आपल्या पुण्यात झाली होती आणि तिचं वर्णन ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आलं होतं. छातीचा फ्लॅप १९७९ पासून जगभर रुळला. हाताचा, मांडीचा आणि पायाच्या हाडाचा फ्लॅपही गेली कित्येक दशकं वापरात आहेत.

कुठला फ्लॅप? गोंधळ इथेच होतो

‘कुठला फ्लॅप सर्वांत चांगला’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळणार नाही. काय काढलं जाणार आहे, रुग्णाचं शरीर कसं आहे, तो काम काय करतो आणि ऑपरेशननंतरचे तीन दिवस त्या रुग्णालयात कसे सांभाळले जातात, या चार गोष्टींवर निवड ठरते.

जखम लहान असेल तर मोठा फ्लॅप लागेलच असं नाही. थेट टाके घालून, कातडी लावून किंवा नाकाशेजारच्या अथवा हनुवटीखालच्या कातडीचा छोटा फ्लॅप वळवून भागतं. तुमच्या डॉक्टरांनी असं सांगितलं तर ‘आमच्यावर कमी उपचार करताहेत’ असं समजू नका.

छातीचा फ्लॅप. डॉक्टरांच्या बोलण्यात ‘पीएमएमसी’ असा उल्लेख येतो. छातीचा स्नायू आणि त्यावरची कातडी मूळच्या रक्तवाहिनीला जोडलेलीच ठेवून गळपट्टीच्या हाडावरून तोंडापर्यंत वर आणतात. सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो, पूर्ण फ्लॅप मरण्याची शक्यता फार कमी असते. वय जास्त, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा त्रास, लांबलचक भूल न झेपणारा रुग्ण, किंवा गाठ इतकी मोठी की भरपूर मांस लागणार, अशा वेळी हाच फ्लॅप योग्य ठरतो. ‘गरिबांचा फ्लॅप’ म्हणून त्याला नाकं मुरडणारे लोक भेटतात. मला ते मान्य नाही. आपल्याकडच्या हजारो रुग्णांचं जेवण आणि बोलणं या फ्लॅपवर चाललं आहे.

त्याचे तोटे मात्र आधी कळायला हवेत. मानेवर गळपट्टीपाशी फुगवटा दिसतो, तो काही महिन्यांत कमी होतो. मांस जड असल्यामुळे खाली ओढलं जातं. खांद्याची ताकद थोडी कमी होते, म्हणून हमाली, गवंडीकाम किंवा शेतीत डोक्यावर ओझं वाहणाऱ्याने हा मुद्दा डॉक्टरांपुढे आवर्जून काढावा. स्त्रियांमध्ये स्तनाची जागा आणि आकार बदलतो, आणि त्याबद्दल विचारायला कुणी संकोचू नये. पुरुषांना क्वचितच आधी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे छातीवर केस असतील तर ते तोंडात उगवतात. शेकानंतर बहुतेक जणांचे गळतात. ज्यांचे गळत नाहीत, त्यांनी ते डॉक्टरांकडूनच कापून घ्यावेत. घरी आरशासमोर चिमट्याने उपटू नका.

हाताचा फ्लॅप. मनगटाजवळची पातळ, मऊ कातडी रक्तवाहिनीसकट पूर्ण काढून सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. जिभेचा भाग किंवा गालाचं आतलं अस्तर गेलं असेल तर हा उत्तम बसतो, कारण तो घडी पडून हलू शकतो. हाताच्या उघड्या जागेवर मांडीची कातडी लावतात आणि तो व्रण कायम दिसतो. अंगठ्याच्या मुळाशी थोडी बधिरता राहू शकते.

मांडीचा फ्लॅप. मोठी जखम, गाल आरपार गेलेला, अशा वेळी उपयोगी. मांडीची जखम बहुधा थेट शिवता येते आणि कपड्याखाली झाकली जाते. स्थूल व्यक्तीत हा फ्लॅप जाड निघतो, मग पुढे तो पातळ करण्याचं छोटं ऑपरेशन लागू शकतं.

पायाच्या हाडाचा फ्लॅप. नडगीशेजारचं बारीक हाड, त्याची रक्तवाहिनी आणि थोडी कातडी घेऊन जबडा घडवतात. शरीराचं वजन मुख्यतः नडगीवर पडतं. त्यामुळे हे हाड काढलं तरी माणूस चालतो, फक्त गुडघ्याजवळचा आणि घोट्याजवळचा तुकडा जागेवर ठेवावा लागतो. बहुतेकांचं चालणं पूर्ववत होतं. घोट्यात थोडा ताठरपणा आणि पायाचा अंगठा वाकवण्याची ताकद कमी होणं, हे राहू शकतं.

जबड्याचं हाड जाणार असेल तर थांबून हे वाचा

सर्वांत जास्त फरक इथे पडतो. जबड्याची फक्त वरची कडा तासली जाणार असेल तर हाडाचा फ्लॅप लागत नाही. पूर्ण तुकडा जाणार असेल तर तो कुठून जाणार, हे विचारा.

- मागचा, कानाकडचा भाग जात असेल तर अनेक रुग्णालयांत हाड न लावता फक्त मांस लावतात. जबडा कापलेल्या बाजूला सरकतो, दात नीट जुळत नाहीत, रुग्ण दुसऱ्या बाजूने चावायला शिकतो. वय, प्रकृती आणि रोगाची अवस्था पाहता हा निर्णय पुष्कळदा रास्त असतो.
- पुढचा, हनुवटीचा भाग जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हाड नसेल तर हनुवटी आत बसते, खालचा ओठ लोंबतो, लाळ सतत गळते, जिभेला पुढून आधार राहत नाही. नुसती धातूची पट्टी बसवली तर ती शेकानंतर कातडी फाडून बाहेर येण्याचा धोका मोठा. अशा रुग्णाला हाडाचा फ्लॅप मिळावा म्हणून मोठ्या केंद्रात जाण्याची धडपड करणं योग्य आहे.

धडपडीलाही मर्यादा ठेवा. चांगला फ्लॅप मिळेल म्हणून ऑपरेशन महिनोन्‌महिने लांबवू नका. रोग थांबत नाही, आणि आज काढता येणारी गाठ उद्या काढता येईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. एका ठिकाणी नंबर लागत नसेल तर तिथल्याच डॉक्टरांना विचारा: ‘इतक्या आठवड्यांत होणार नसेल तर आम्हाला कुठे पाठवाल?’ परळच्या टाटा मेमोरियलसह देशभरातली कॅन्सर रुग्णालयं ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’मध्ये जोडलेली आहेत. घराजवळचं असं केंद्र कुठलं, हे विचारून घ्या.

ऑपरेशनच्या आधी घरी काय कराल?

- तंबाखू, मिशेरी, गुटखा, मावा, विडी आजच बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. फ्लॅपची रक्तवाहिनी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. ‘एवढं ऑपरेशन होईपर्यंत राहू द्या’ म्हणणाऱ्या रुग्णाला हे स्पष्ट सांगा. मिशेरी लावणाऱ्या बायका ती तंबाखूत धरतच नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना सांगायची राहून जाते.
- हाताचा फ्लॅप ठरला असेल तर तो हात (बहुधा डावा, डावखुऱ्यांचा उजवा) जपा. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, सलाइन लावू देऊ नका. प्रत्येक पाळीच्या नर्सला स्वतः सांगा.
- पायाचं हाड ठरलं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी, बहुधा सीटी अँजिओग्राफी, होते. चालताना पोटऱ्या भरून येत असतील किंवा पायाला जुनी दुखापत असेल तर आधीच सांगा.
- साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन ताब्यात आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील, मनाने बंद करू नका.
- दात दाखवून घ्या. शेकानंतर दात काढला तर जबड्याचं हाड सडण्याचा धोका असतो. किडलेले दात आधीच, किंवा ऑपरेशनच्या वेळीच निघालेले बरे.
- वजन घटू देऊ नका. तोंड उघडत नसेल तर पातळ पण ताकदीचं अन्न द्या. लागलंच तर आधीपासून नाकातून नळी घालून घेण्यात कमीपणा नाही.

डॉक्टरांना हे प्रश्न लिहून न्या

रुग्णाला सोबत घेऊन जा. त्याच्या शरीराबद्दलचा निर्णय त्याच्यासमोर व्हावा.

- नेमकं काय काढणार? हाड किती आणि कुठून?
- कुठला फ्लॅप, आणि तो का? तो जमला नाही तर दुसरा कुठला?
- फ्लॅप कोण लावणार? कॅन्सर सर्जनच की वेगळे प्लॅस्टिक सर्जन? सूक्ष्मदर्शकाखालचे फ्लॅप इथे नेहमी होतात का?
- रात्री दोन वाजता फ्लॅप काळवंडला तर पुन्हा ऑपरेशन करायला कोण असेल?
- बोलणं, गिळणं, काम यांपैकी काय परत येईल आणि कितपत?

यांतला एखादा प्रश्न विचारायला अवघड वाटेल. तरी विचारा. चांगला सर्जन त्यावर चिडत नाही.

पहिले तीन दिवस

हाताचा, मांडीचा किंवा पायाच्या हाडाचा फ्लॅप असेल तर ऑपरेशन आठ-दहा तास किंवा त्याहून जास्त चालतं. बाहेर बसलेल्यांनी ते धरूनच चालावं. वेळ लागला याचा अर्थ काही बिघडलं असा होत नाही.

जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतो. म्हणून पहिल्या रात्री नर्स बहुधा तासातासाला येते, टॉर्च लावून तोंडात बघते, फ्लॅपवर बोट दाबून सोडते. दाबलेली जागा पांढुरकी होऊन दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. डॉक्टर कधी बारीक सुई टोचतात. लालभडक थेंब आला तर समाधान. काळपट रक्त भराभर वाहिलं तर शिरेतून परतीची वाट अडली आहे. काहीच आलं नाही तर रक्त पोचत नाही. सुई टोचताना रुग्ण कळवळत नाही, कारण फ्लॅपला संवेदना नसते. नातेवाइकांनी हे पाहून घाबरू नये.

अडथळा लवकर सापडला तर पुन्हा थिएटरमध्ये नेऊन जोड मोकळा करता येतो आणि फ्लॅप वाचू शकतो. त्यामुळे ‘परत ऑपरेशनला नेतोय’ असं मध्यरात्री सांगितलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नका, सही करा. अनुभवी केंद्रांत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास असे फ्लॅप जगतात. जो जगत नाही, त्याच्या जागी दुसरा, बहुधा छातीचा, लावता येतो. छातीच्या फ्लॅपमध्ये पूर्ण मांस मरण्यापेक्षा एखादी कड काळी पडणं किंवा टाक्यातून लाळ झिरपणं जास्त दिसतं. ते बहुतेकदा ड्रेसिंग आणि नळीच्या आहारावर भरून येतं.

रुग्णाची मान सर्जनने सांगितलेल्या बाजूलाच ठेवा. गळ्याभोवती घट्ट पट्टी, दोरा, ताईत काहीही नको. दाबाने रक्तवाहिनी बंद पडते.

गळ्याला भोक, नाकात नळी

तोंडातली सूज श्वास अडवू नये म्हणून अनेकांच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसवतात. ती बहुधा तात्पुरती असते आणि सूज उतरली की काढतात. तेवढे दिवस आवाज निघत नाही. पाटी-पेन्सिल किंवा वही आधीच आणून ठेवा. लिहिता येत नसेल तर पाणी, दुखतंय, लघवी, श्वास यांच्या खुणा आदल्या दिवशी ठरवून घ्या. शुद्धीवर आल्यावर बोलता येत नाही हे एकदम कळणं फार भयंकर असतं, आणि आधी सांगून ठेवलं तर ते बरंचसं टळतं.

नाकातल्या नळीने साधारण दहा-पंधरा दिवस आहार द्यावा लागतो, कधी जास्त. दूध, ताक, मुगाचं कढण, नाचणीची पातळ आंबील, शिजवून वाटलेली डाळ-भाजी, सगळं स्वच्छ फडक्यातून गाळून कोमट द्या. रुग्णाला उशी लावून बसतं करा, आहारानंतर अर्धा-पाऊण तास बसवूनच ठेवा. प्रत्येक वेळी शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवा. नळी बाहेर सरकली तर घरी आत ढकलू नका.

पैसा आणि हक्क

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’कडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि मुद्दाम विचारा: मंजुरी फक्त गाठ काढायला मागितली आहे की फ्लॅपलाही? मदतवाहिनी १५५३८८. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची चौकशी बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात करता येते.
- धर्मादाय रुग्णालयं: महाराष्ट्रात त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते.
- खासगी विमा: ‘प्लॅस्टिक सर्जरी पॉलिसीत बसत नाही’ असं सांगून फ्लॅपचा खर्च नाकारला तर गप्प बसू नका. विमा नियामकाच्या प्रमाण शब्दांत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया वगळल्या आहेत, पण अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना त्या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. नकार लेखी मागा, सर्जनकडून ‘कॅन्सर काढल्यानंतरची पुनर्रचना’ असं पत्र घ्या, कंपनीच्या तक्रार कक्षाकडे द्या. तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा.
- संमती: फॉर्म समजणाऱ्या भाषेत समजावून सांगणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्ण शुद्धीवर आणि सज्ञान असेल तर संमती त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं आहे.
- कागद: मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांच्या नोंदी मिळाल्या पाहिजेत. दुसरं मत घ्यायचं असेल तर बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या.
- प्रवास, मुक्काम: उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला रेल्वेत सवलत आहे, त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. टाटाला येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ठाऊक असलेली बरी. खोली मिळण्याची चौकशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून करा.

घरी आल्यावर

फ्लॅपला गरम-थंड कळत नाही. चहा, आमटी आधी बोटाने किंवा ओठाच्या चांगल्या बाजूने तपासा, नाहीतर पोळलेलं दुसऱ्या दिवशी कळतं.

तोंड उघडण्याचा व्यायाम डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की लगेच सुरू करा आणि शेक चालू असतानाही सोडू नका. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये ठेवायच्या, काही दिवसांनी एक वाढवायची. शेकानंतर स्नायू आखडतात आणि तेव्हा गमावलेलं तोंड पुन्हा उघडणं कठीण असतं. खांद्याचा व्यायाम, गिळण्याचं आणि बोलण्याचं प्रशिक्षण हेही उपचाराचेच भाग आहेत. त्यासाठी वेगळी वेळ मागून घ्या.

फ्लॅपवर शेकामुळे सूज येते, ती हळूहळू उतरते. फ्लॅपच्या कडेला गाठ लागणं, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, मानेत नवी गाठ, कानात ठणका, यांपैकी काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. टाक्यातून लाळ किंवा जेवण बाहेर येत असेल तर तोंडाने देणं थांबवून त्याच दिवशी फोन करा. आणि मानेच्या जखमेतून ताजं लाल रक्त आलं, अगदी थोडं येऊन थांबलं तरी, जागेवर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तसंच रुग्णालय गाठा.